मालवणीतला ‘तू’ उद्धट असतो का?

वर्ध्याच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टीत ते कुटुंबासह मालवण आणि तारकर्लीला गेले होते. खानावळीतल्या वयस्कर बाईंनी त्यांना ‘काय होया तुका?’ (काय हवे तुला?) असे विचारले. बोटीवरच्या तरुणाने त्यांच्या भावाला ‘बस मरे’ म्हटले आणि भावाला त्यात ‘मर’ ऐकू आले. ज्या घरी मुक्काम होता तिथले मालक त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीबद्दल ‘ता खंय गेला?’ असे विचारत होते (‘खंय’ म्हणजे कुठे). मालवणीत आदरार्थी रूपेच नाहीत, की पर्यटकांशी असे बोलण्याची तिथे पद्धत आहे, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

आदरार्थी रूपे मालवणीत आहेत. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे स्वागताचे वाक्य प्रश्नकर्त्यांनी प्रवासात कुठेतरी वाचलेच असेल. त्यातले ‘येवा’ हे ‘ये’चे अनेकवचन आहे आणि ते आदरार्थीच वापरलेले आहे. ‘तुका’ला ‘तुमका’ आहे, ‘बस’ला ‘बसा’ आहे, ‘घे’ला ‘घेवा’ आहे. तेव्हा रूपांची उणीव नाही. फरक आहे तो ती रूपे कोणत्या कामाला लावली जातात यात, आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे.

घाटावरच्या किंवा शाळेत शिकलेल्या मराठीत आदराचे वजन प्रामुख्याने सर्वनामावर आणि क्रियापदावर पडते. समोरचा वयाने किंवा मानाने मोठा असला की ‘तुम्ही’ येतो आणि क्रियापद अनेकवचनी होते. एवढे केले की सभ्यतेची किमान अट पुरी झाली असे आपण धरून चालतो. मालवणी बोलणाऱ्याच्या घरात हे काम पुष्कळदा संबोधन करते. ‘अण्णा, तू बस’, ‘काकी, तू जेवलंस मा?’ या वाक्यांत ‘अण्णा’ आणि ‘काकी’ हे शब्द मान देऊन मोकळे झालेले असतात. त्यामुळे क्रियापद एकवचनी राहिले तरी कोणाच्या कानाला ते खटकत नाही. आईला ‘तू’ म्हणणे साऱ्या महाराष्ट्राला मान्य आहे. मालवणी मुलखात ती मोकळीक आत्या, मामा, शेजारच्या आजी आणि वाडीतल्या कोणाही वडीलधाऱ्यापर्यंत पसरलेली आढळते, इतकेच. घराघरांत आणि जातीजातींत यात फरक पडतो, आणि सासऱ्याला किंवा नवऱ्याला ‘तू’ म्हणणारी जुन्या पिढीतली बाई तिथेही सहसा सापडणार नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा घराबाहेर, देवळात मिळतो. गावच्या देवाला गाऱ्हाणे घालताना ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात होते, मागणे एकेक करून मांडले जाते, आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यात देवाला ‘सांभाळून घे म्हाराजा’, ‘मान्य करून घे म्हाराजा’ असेच म्हटले जाते. एकाच वाक्यात ‘म्हाराजा’ ही सर्वांत मोठी पदवी आहे आणि ‘घे’ हे साधे एकवचन आहे. त्या गाऱ्हाण्यात भक्तीची किंवा अदबीची कमतरता आहे असे ते ऐकलेला कोणीही म्हणणार नाही.

मग ‘तुमका’ आणि ‘येवा’ यांचे काम काय? तलाठी, शाळेतले मास्तर, पूजेला आलेले भटजी, नव्याने जोडलेले व्याही यांच्याशी बोलताना ती रूपे येतात. म्हणजे ज्याच्याशी अंतर आहे, किंवा अजून मिटलेले नाही, त्याच्यासाठी. ओळखीच्या माणसाला अचानक अनेकवचन लावले तर तो सावध होतो, कारण टोमण्यासाठी तेच रूप वापरले जाते. ‘इले शाणे!’ हे अनेकवचनच आहे, त्यात आदर किती असतो ते सांगायला नको. (‘आले शहाणे’ म्हणणाऱ्या पुण्यालाही ही सोय ठाऊक आहे.) याशिवाय एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. मालवणी माणूस लिहितो ते प्रमाण मराठीत. लग्नपत्रिकेत तोही ‘आपण सहकुटुंब सहपरिवार’ असेच छापतो. त्यामुळे परक्याशी फार अदबीने बोलायचे झाले की तो सर्वनाम बदलून थांबत नाही, थेट प्रमाण मराठीत शिरतो. खानावळीतल्या बाई वर्ध्याहून आलेल्या गिऱ्हाइकाशी मालवणीतच बोलल्या आणि ‘तुका’ म्हणाल्या, याचा मला दिसणारा अर्थ असा की त्यांनी त्याला घरातल्या मुलाच्या जागी धरले. चाळिशीच्या माणसाला हे विचित्र वाटू शकते, हे मान्य.

आता ‘मरे’. मालवणीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘मा’ हा आपल्या ‘ना’चा भाऊ आहे. ‘येतलंस मा?’ म्हणजे येशील ना, ‘बरा आसा मा?’ म्हणजे बरे आहे ना. या ‘मा’ला पुरुषासाठीचा ‘रे’ जोडला की बोलण्याच्या ओघात ‘मरे’ ऐकू येते. ‘बस मरे’ म्हणजे ‘बस ना रे’. मरण्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट आज्ञेचा कडकपणा कमी करण्याचे काम ते अक्षर करते. ‘वायच’ हा असाच दुसरा शब्द. ‘वायच थांब’ म्हणजे जरा थांब. प्रमाण मराठीत ‘कृपया’ बोलण्यात क्वचितच येते आणि ‘जरा’, ‘ना’, ‘की’ यांवर आपले भागते, तसेच तिथे ‘मा’ आणि ‘वायच’ यांवर भागते. ज्याला हे शब्द ओळखता येत नाहीत त्याच्या कानावर फक्त उघडी आज्ञा पडते, आणि सौम्य करणारा भाग तो शिवी समजतो.

‘ता खंय गेला?’ यात तर सभ्यतेचा प्रश्नच नाही, तो लिंगाचा आहे. मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारान्त असते (‘झील इलो’, म्हणजे मुलगा आला), स्त्रीलिंगी ईकारान्त (‘बाय इली’), आणि ‘चेडू’ म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘चेडू इला’ असे होते. मालकांचा ‘ता’ म्हणजे आपले ‘ते’. लहान मुलीसाठी नपुंसकलिंग गोव्याच्या कोंकणीतही आहे. वैदर्भीय कानाला ‘गेला’ पुल्लिंगी वाटले, एवढाच घोटाळा.

प्रश्नकर्त्यांनी ‘मेल्या’बद्दल विचारलेले नाही, पण पुढच्या खेपेस तो ऐकू येईलच. ‘काय मेल्या, खंय होतंस इतके दिवस?’ हे जुन्या मित्राचे स्वागत आहे. हा शब्द बरोबरीच्याला किंवा लहानाला लागतो. वडीलधाऱ्याला किंवा पाहुण्याला लागत नाही. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर आणली, तिला प्रचंड प्रेक्षक मिळवून दिला, आणि त्या यशाची एक किंमत अशी की उरलेल्या महाराष्ट्राच्या मनात ही बोली ‘गाळीं’ची, म्हणजे शिव्यांची, म्हणून ठसली. विनोदी नाटकातून बोली भेटली की तिच्यातले गाऱ्हाणे मागे पडते आणि शिवी तेवढी लक्षात राहते. पाहुणा मग शिवीची वाट पाहतच गाडीतून उतरतो.

कोकण सगळे एक नाही, हेही नोंदवायला हवे. वरचे विवेचन मुख्यतः सिंधुदुर्गापुरते आहे. संगमेश्वरी बोलीला किंवा रायगडातल्या आगरी बोलीला ते जसेच्या तसे लावू नये.

वर्ध्याच्या वाचकांना एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. ‘काय बे’ हा वऱ्हाड-नागपुराकडचा दोस्तीतला शब्द मालवणच्या बाजारात काढला तर ऐकणाऱ्याची भुवई वर जाईल, आणि तोही घरी जाऊन अशीच तक्रार करील. उलट तिकडचा ‘जी’ मात्र कुठेही खपतो. ‘हो जी’ यातही मान क्रियापदाबाहेरच्या एका छोट्या शब्दाने पुरा होतो, आणि मालवणीची रीत समजायला विदर्भाचा माणूस पुणेकरापेक्षा जवळ आहे तो यामुळेच. मालवणात बोलताना ‘तुम्ही’ सोडण्याची गरज नाही. पण ‘ओ दुकानदार’ किंवा ‘हॅलो, मॅडम’ याऐवजी ‘अण्णा’, ‘काकी’, ‘वयनी’ अशी हाक दिली तर उत्तराचा सूर बदललेला जाणवेल.

एवढे सांगूनही प्रत्येक तुसडेपणा बोलीच्या खात्यावर टाकता येत नाही. एस.टी. कधी येईल या प्रश्नाला ‘येतली तेव्हा’ हे उत्तर कोणत्याही बोलीत खवचटच आहे, आणि भर हंगामात दिवसाला शंभरदा तोच प्रश्न ऐकणारा माणूस वैतागून तुटक बोलतो, तो फक्त वैतागलेला असतो. तेव्हा बोटीवरचा तरुण सौम्यपणे बोलला की त्रासून, हे तिथे असलेल्यांनीच ठरवावे. त्याने वापरलेला शब्द मात्र शिवी नव्हता.