वीस वर्षांनंतर ग्रामपंचायतीला काय काम उरेल?

आपण विचारले आहे की, दाखले ऑनलाइन मिळू लागले, योजनांचे पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागले आणि निधीही अटी घालूनच येतो, तर पुढच्या वीस वर्षांत ग्रामपंचायतीला काय काम उरेल, आणि अशा स्थितीत आपल्या वाडीने स्वतंत्र ग्रामपंचायतीची मागणी करावी का. मी आमच्या गावी दोन मुदती सदस्य होतो, त्यांतील दुसऱ्या मुदतीत उपसरपंचही होतो. उत्तर त्या अनुभवाच्या आधारे देत आहे.

दाखल्यांचे काम कमी झाले याचे मला दुःख नाही. अडचण वेगळी आहे. 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय पंचायतींसाठी लिहून ठेवले, परंतु त्यांतील किती विषय प्रत्यक्षात द्यायचे हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले. आपल्या महाराष्ट्रात 1962 पासून जिल्हा परिषद हीच बळकट राहिली. शाळेतील शिक्षक, उपकेंद्रातील आरोग्यसेविका, बांधकामाचा अभियंता यांपैकी कोणीही सरपंचाला जबाबदार नाही. इतकेच काय, ज्याच्या सहीशिवाय ग्रामपंचायतीचा एक रुपयाही निघत नाही तो ग्रामसेवकसुद्धा (2024 मध्ये या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले) जिल्हा परिषदेचा नोकर असतो आणि पुष्कळदा शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत आठवड्यातून दोन-तीन दिवसच आपल्या वाट्याला येतो.

निधीचे म्हणाल, तर चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळात ग्रामीण भागाचे अनुदान थेट ग्रामपंचायतींनाच दिले. पंधराव्या आयोगाच्या काळात आपल्या राज्यात त्यातील 80 टक्के ग्रामपंचायतीला, तर प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला असे वाटप झाले, आणि 2021 पासून रकमेचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामावर खर्च करण्याच्या अटीचा, झाला. यावर सरपंच मंडळी नाराज असतात. मला मात्र बंधित निधीत फारसे वावगे दिसत नाही, कारण अबंधित निधीचे आम्ही काय केले हे मी पाहिले आहे: चांगल्या रस्त्यावर पुन्हा पेव्हर ब्लॉक, गटारावर गटार आणि प्रवेशद्वाराची कमान. त्या ठरावांवर हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

माझ्या मते पुढच्या काळात ग्रामपंचायतीचे मुख्य काम नवे बांधण्याचे नसून बांधलेले चालते ठेवण्याचे असेल, आणि त्याची पहिली परीक्षा पाण्याचीच होणार आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमधून गावोगावी टाक्या आणि नळ झाले. पण ठेकेदार निघून गेल्यावर पंपाचे वीजबिल, वॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, क्लोरीन आणि फुटलेली जलवाहिनी हे सगळे ग्रामपंचायतीच्याच गळ्यात पडते. आमच्या गावी थकीत बिलामुळे ऐन मे महिन्यात पंपाची वीज तोडली गेली. तेव्हा लोक कार्यालयावर मोर्चा घेऊन आले आणि मोर्चात पुढे असलेल्या कित्येकांची पाणीपट्टी तीन-तीन वर्षांची बाकी होती. चूक त्यांच्याइतकीच आमचीही होती, कारण निवडणूक जवळ आली की वसुलीची यादी कपाटात ठेवायची ही आमची जुनी रीत होती.

म्हणून ग्रामपंचायतीचे भवितव्य पोर्टलपेक्षा घरपट्टी आणि पाणीपट्टीवर अधिक अवलंबून आहे, असे मी मानतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत मिळत असे. ही युक्ती अनेकांना गमतीची वाटते, परंतु कर भरला तर त्याचे काही परत मिळते हे लोकांना पिठाच्या डब्यातून दाखवणे सोपी गोष्ट नाही. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. या पद्धतीत सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असे झाले की करवाढीचा ठराव पहिल्याच बैठकीत पडतो, हेही लक्षात ठेवावे.

काही कामे मात्र पैशाची नसतात आणि ती दुसरी कोणतीही यंत्रणा करू शकत नाही. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे राज्य सरकारनेही तसे परिपत्रक काढले, पण सुरुवातच मंत्रालयातून झाली असती, तर ते फायलीतच राहिले असते.

आता आपल्या वाडीविषयी. वाडीला आवाज हवा असेल तर त्यासाठी स्वतंत्र ग्रामपंचायतच हवी असे नाही. गडचिरोलीतील मेंढा हे तेव्हा लेखा ग्रामपंचायतीतील एक लहानसे गाव होते. पण 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा एकत्रित हक्क, मिळवून आणि पुढे बांबूची विक्री स्वतः करून त्याच्या ग्रामसभेने जे साधले, ते मोठ्या ग्रामपंचायतींना जमलेले नाही. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, तेथील पंचायतींसाठी असलेल्या पेसा कायद्याखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. आपला तालुका त्या क्षेत्रात येत नसेल, तर आधी वाडीसाठी वेगळी वॉर्डसभा नियमित घ्यावी आणि तिचे ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.

तरीही विभाजन हवेच असेल, तर अर्ज करण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) आणि नमुना 9 (कराच्या मागणीची व वसुलीची नोंदवही) पाहून वाडीतील घरांची वर्षाची एकूण मागणी आणि प्रत्यक्ष वसुली काढा, आणि त्याशेजारी वाडीच्या पंपाचे बारा महिन्यांचे वीजबिल व एका कर्मचाऱ्याचा पगार लिहा. वसुलीतून एवढा खर्च भागत नसेल, तर नवी ग्रामपंचायत पहिल्याच उन्हाळ्यात टँकरसाठी तहसील कार्यालयाच्या दारात उभी राहील, आणि सही करायला तिच्याकडेही तोच ग्रामसेवक आठवड्यातून दोन दिवस येईल.