ओझरला विमान टिकतं कशानं?

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला माझं विमान तिकिटांचं दुकान होतं, म्हणून विमानाबद्दलची वाचकांची पत्रं संपादक डोळे मिटून माझ्याकडे पाठवतात. या वेळी गठ्ठा जरा जाडच आहे. सारख्या प्रश्नांची मोट बांधून उत्तरं देते आहे.

प्रश्न : स्वस्त विमान कंपन्या देशभर भराभर नवी शहरं जोडत आहेत. नाशिकला मात्र एकेका शहरासाठी वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागतात. राजकीय इच्छाशक्ती कमी पडते का?
– एक उद्योजक, अंबड

इच्छाशक्ती भरपूर आहे हो. उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवर उभं राहायला जागा नसते. अडतं ते नंतर, एखाद्या मंगळवारी.

ओझरचा, म्हणजे नाशिकच्या विमानतळाचा, इतिहासच बघा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १९ आसनी विमान मुंबई-पुण्यासाठी सुरू झालं. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडली. एप्रिल २०१९ मध्ये जेटच जमिनीवर आली आणि २०२० मध्ये डेक्कनने गाशा गुंडाळला. मधल्या काळात आणखी काही कंपन्या येऊन गेल्या. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने गोवा, अहमदाबाद आणि नागपूरपासून सुरुवात केली आणि हळूहळू पुढची शहरं जोडली. त्यातल्या प्रत्येक सुरुवातीला माझ्याकडे पेढे आले. बंद होताना कुणी फोनही करत नाही, तिकिटांच्या यंत्रणेतून तो मार्ग गुपचूप नाहीसा होतो.

स्वस्त कंपनीचा सगळा धंदा एका गोष्टीवर चालतो : विमान जमिनीवर उभं राहता कामा नये. म्हणून शक्यतो एकाच जातीची विमानं, उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उड्डाण आणि रोज बारा-तेरा तास हवेत. नाशिकला यायचं तर ते विमान आणि ते वैमानिक दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावरून काढून आणावे लागतात. कंपनी ‘नाशिकला नफा होईल का’ एवढंच विचारत नाही. ‘तेच दोन तास दुसरीकडे उडालो तर जास्त मिळतील का’ हे विचारते. आपली स्पर्धा अशा गावांशी असते ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात.

आता मंगळवार. शुक्रवारी संध्याकाळी बंगळूर-हैदराबादची आपली मुलं घरी येतात, रविवारी परत जातात. ते विमान कुणीही भरेल. पण मंगळवारी सकाळी इकडून कोण जातं आणि तिकडून कोण येतं? तुम्ही उद्योजक मंडळी ‘आम्ही जाऊ’ म्हणता, पण वेळ बघता आणि कारने मुंबईला निघता. मुक्कामी एसटी गावात असली तर सकाळची पहिली गाडी वेळेवर सुटते, तसंच विमानाचं आहे. रात्री विमान इथे थांबलं तरच सकाळी सहाला निघून संध्याकाळी परत येता येतं. तेव्हा पुढच्या निवेदनात ‘अमुक शहर जोडा’ याच्याही आधी ‘रात्रीचा मुक्काम द्या’ असं लिहा. आणि सोबत तुमच्या पन्नास कारखान्यांतली किती माणसं कुठल्या वारी कुठे जातात याचा खरा तक्ता जोडा. हार-तुरे कंपनीच्या नियोजन विभागापर्यंत पोचत नाहीत, तक्ते पोचतात.

येणारा प्रवासी हा आपला हुकमी एक्का आहे आणि आपण तो कधी मांडतच नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी कर्नाटक, तेलंगण, गुजरातेतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. विधी तीन दिवसांचा, मुहूर्त पंचांगाचा. म्हणजे ही मंडळी वार बघत नाहीत! मधल्या वाराचं विमान भरायला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? माझ्या दुकानात असे गट बरेच यायचे. पण ते उतरायचे शिर्डीला, कारण शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून चालू आहे आणि साईबाबांचं दर्शन त्याच फेरीत होतं. गाडी करून त्र्यंबक, आणि परत शिर्डीहूनच विमान. ‘येताना शिर्डी, जाताना ओझर’ हे तिकीट त्यांना सुचवावं लागे. ते आपणहून कुणी मागत नसे.

प्रश्न : विमानतळच विमान कंपनीला पैसे देतात असं ऐकलं. हे खरं आहे? मग नाशिकने का देऊ नयेत?
– वाचक, इंदिरानगर

खरं आहे. जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण बेल्जियममधल्या शार्लरॉयचं. ब्रुसेल्सपासून पन्नासेक किलोमीटरवरचा, खाणींचं वैभव ओसरलेल्या भागातला विमानतळ. २००१ मध्ये त्याने आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीशी करार केला. उतरण्याचं शुल्क जवळजवळ निम्म्यावर आणलं. शिवाय नवे मार्ग उघडायला, जाहिरातीला, वैमानिकांच्या प्रशिक्षणाला, अगदी कर्मचाऱ्यांच्या हॉटेललाही हातभार. बदल्यात कंपनीने पंधरा वर्षं तिथे ठरावीक विमानं मुक्कामी ठेवायची आणि रोजच्या ठरावीक फेऱ्या करायच्या. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये यातल्या काही सवलती बेकायदा सरकारी मदत ठरवल्या. कंपनी न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये तो निर्णय रद्द झाला. विमानतळ सरकारी असला तरी धंदा म्हणून विचार करून सवलत देऊ शकतो, ही बाजू तिथे उचलून धरली गेली. शार्लरॉय पुढे खरंच फोफावला.

पण जर्मनीतल्या हानचंही ऐका. हा अमेरिकेचा जुना लष्करी हवाई तळ. नाव ‘फ्रँकफर्ट-हान’ आणि फ्रँकफर्ट तिथून सुमारे १२० किलोमीटर लांब! रायनएअर तिथे १९९९ मध्ये आली आणि विमानतळ तिच्यावर पोसला. मग २०१७ मध्ये कंपनीने थेट मोठ्या फ्रँकफर्ट विमानतळावरूनही उडायला सुरुवात केली. हानने २०२१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मोठ्या फ्रँकफर्टचीही तिला माया नव्हती. शुल्क परवडत नाही म्हणत २०२२ मध्ये तिथला तळ तिने हलवला. २०२५ मध्ये स्पेनमधल्या हेरेझ आणि वायादोलिदची उड्डाणं याच कारणाने थांबवली, तर डेन्मार्कने प्रवासी कर लावला म्हणून ऑलबोर्ग सोडलं. मला यात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. ती पहिल्या दिवसापासून स्वच्छ सांगते, आम्ही स्वस्त आहोत. स्वस्ताईचं बिल कुठल्या तरी गावाला भरावं लागतं, एवढंच.

आपल्याकडे हेच काम छोटी शहरं विमानाने जोडण्याची केंद्राची ‘उडान’ योजना करते, फक्त गावाऐवजी सरकार पैसे मोजतं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर सुरुवातीला २,५०० रुपयांची मर्यादा होती. तुटीची भरपाई केंद्र आणि राज्य मिळून करतात, त्या फेऱ्यांना उतरण्याचं शुल्क माफ, राज्याने इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा, आणि तीन वर्षं त्या मार्गावर मक्तेदारी. तीन वर्षांनी भरपाई थांबते. त्यानंतर काय होतं, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने २०२३ मध्ये आकड्यांत मांडलं. योजनेच्या बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतले ५४ तग धरून होते. पैसे देऊन विमान आणता येतं, ठेवता येत नाही, असं मी म्हणते ते या आकड्यांवरून.

अशा सवलतींचा नेमका आकार बघायचा तर ओझरला येणारं पंख्याचं एटीआर विमान बघा. त्यात जागा ७८. देशातल्या सरकारी विमानतळांच्या दरपत्रकात ८० पेक्षा कमी आसनांच्या देशी प्रवासी विमानाला उतरण्याचं शुल्कच नाही. छोट्या शहरांना आधी एटीआर आणि गर्दी दिसली की मोठं एअरबस, हा क्रम का असतो ते यावरून लक्षात येईल.

आता नाशिकने का देऊ नयेत? पहिली अडचण ही की द्यायचे कुणी? ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बांधणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे. तो कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेच बांधलेलं पहिलं तेजस आकाशात गेलं. धावपट्टी तीन किलोमीटरची, मोठ्यात मोठं विमान उतरेल अशी. पण प्रवासी हा तिथला पाहुणा. हानसारखं तिथल्या माणसाचं पोट प्रवाशांवर नाही, त्यामुळे कंपनी गेली तरी ओझर बुडत नाही. हीच आपली ढाल आणि हीच आपली अडचण. प्रवासी आणणं ही ज्याची रोजची नोकरी आहे, जो कंपन्यांच्या दारात जाऊन बसेल, असा माणूसच नाशिककडे नाही. निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटना, खासदार, पालकमंत्री सगळे आपापल्या परीने पत्रं लिहितात. एक पगारी माणूस नेमला तर अनुदानापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : मुंबईचं विमान पुन्हा सुरू होईल का?
– ज्येष्ठ नागरिक, पंचवटी

मला वाटत नाही, काका. मुंबईत उतरायला वेळेचा खाचा, म्हणजे ठरलेली वेळ (स्लॉट), मिळणं मुश्कील, आणि मिळालाच तर कंपनी तो ७८ जणांच्या अर्ध्या तासासाठी खर्च करणार नाही, १८० जणांच्या लांबच्या उड्डाणासाठी ठेवेल. वंदे भारत २०२३ पासून नाशिकरोडला थांबते, इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली आहेत. ओझरला खरा धोका त्याचाच आहे, पण प्रवाशाला सोयच झाली.

प्रश्न : आमची द्राक्षं या विमानांतून परदेशी पाठवता येतील?
– बागायतदार, निफाड

नाही. एटीआरच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा बसल्या तरी पुष्कळ. तुमचा माल शीत कंटेनरमधून न्हावा-शेवाहून समुद्रमार्गे जातो तेच हिशेबाला धरून आहे.

प्रश्न : सिंहस्थासाठी वाढवलेली विमानं नंतर राहतील का? आणि भाडं परवडेल का?
– वाचक, नाशिकरोड

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात फेऱ्या वाढणारच. भाड्याचं म्हणाल तर २०२५ मध्ये प्रयागराजला काय झालं ते आठवा. भाडी इतकी भडकली की डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, फेऱ्या वाढवा आणि दर आवरा असं कंपन्यांना सांगावं लागलं. ओझरहून आज प्रामुख्याने एकाच कंपनीची विमानं उडतात, त्यामुळे मला इथेही फार वेगळं अपेक्षित नाही. घरी पाहुणे येणार असतील तर तारखा ठरल्या की तिकीट काढा. शिर्डी, नवी मुंबई आणि ओझर तिन्हीचे दर एकत्र बघा. जादा फेऱ्या नंतर राहतील का, याचं उत्तर वर मंगळवारच्या गोष्टीत आलं आहे.

प्रश्न : आम्ही काढलेलं तिकीट कंपनीने मार्ग बंद केल्यामुळे रद्द झालं. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं कूपन देऊ म्हणतात. घ्यावं का?
– गृहिणी, गंगापूर रोड

तुमची मर्जी असेल तरच घ्या. उड्डाण कंपनीने रद्द केलं असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते निवडण्याचा हक्क प्रवाशाचा आहे, कूपन गळ्यात मारता येत नाही. कंपनीने आधी कळवलंच नसेल आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर परताव्याशिवाय प्रवासाच्या वेळेनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून त्याहून कमी भरत असेल तर तेवढी. तिकीट एजंटाकडून काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. आधी कंपनीला मेल करा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. त्यांनी दाद दिली नाही तर नागरी उड्डयन मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. रद्द झाल्याचा संदेश मोबाइलमधून पुसू नका, तोच पुरावा.