हॉटेलात मेंबरशिपवाल्यांचा ससेमिरा: नाही कसं म्हणायचं, आणि सही करून बसला असाल तर काय

तुमचा प्रश्न असा: गोव्यात रिसॉर्टचं बुकिंग आहे, पण तिथे चेक-इनलाच हॉलिडे मेंबरशिपच्या (आज मोठी रक्कम भरायची आणि पुढे बरीच वर्षं दरवर्षी ठराविक रात्री रिसॉर्टात राहायचं, अशी योजना) ‘छोट्याशा सेशन’ला बसवतात असं ऐकलंय. ते टाळायचं कसं, आणि कुणी पैसे भरलेच असतील तर ते परत मिळतात का?

आधी तुमचं बुकिंग कुठल्या जातीचं आहे ते बघा. पूर्ण भाडं भरून, नेहमीच्या वेबसाइटवरून किंवा थेट हॉटेलकडून खोली घेतली असेल तर कुठल्याही सेशनला बसायचं बंधन तुमच्यावर नाही. पण खोली फुकट किंवा निम्म्या भावात मिळाली असेल, मॉलमधल्या लकी ड्रॉमध्ये लागली असेल किंवा फोनवरून ‘तुम्ही निवडले गेलात’ म्हणत आली असेल, तर व्हाउचरच्या मागच्या बारीक अक्षरात अट असते: पती-पत्नी दोघांनी ६० किंवा ९० मिनिटं हजर राहायचं, वय अमुक ते तमुक, सोबत क्रेडिट कार्ड आणि ओळखपत्र हवं. अट पाळली नाही तर पूर्ण भाडं लावू, असंही त्यात असू शकतं. म्हणून निघण्याआधी त्या अटींचा स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण भाड्याचं बुकिंग असेल तर हॉटेलला दोन ओळींचा ईमेल करा: ‘आम्हाला कुठलंही मेंबरशिप प्रेझेंटेशन नको आहे, कृपया बुकिंगवर तशी नोंद करा.’ रिसेप्शनच्या संगणकात बुकिंगवर शेरा टाकायची सोय असते आणि चांगल्या हॉटेलात तो शेरा पाळला जातो.

चेक-इनच्या वेळी एक फरक डोक्यात ठेवा. काउंटरवरचे लोक हॉटेलचे. शेजारी टेबल टाकून, सरबत देऊन ‘सर, दोन मिनिटं गेस्ट प्रोफाइल भरूया’ म्हणणारे बहुतेक वेळा विक्रीचे, कधी कधी तर वेगळ्याच कंपनीचे. हॉटेलला तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि रजिस्टरमध्ये सही लागते. घरात किती माणसं, गाडी कोणती, पगार किती, वर्षात किती फिरता, यातलं काहीही लागत नाही. सरळ विचारा, ‘हा फॉर्म हॉटेलचा की मेंबरशिपचा?’ मेंबरशिपचा असेल तर कोरा परत द्या. खोलीतल्या फोनवर सकाळी नऊला फोन येत असेल तर त्या विक्रेत्याशी वाद घालू नका. ड्यूटी मॅनेजरला सांगून विक्री विभागाचे कॉल खोलीला जोडणं बंद करायला लावा.

आता नाही म्हणण्याबद्दल, कारण आपल्याकडचे लोक इथेच अडकतात. भीड आडवी येते आणि तोंडातून ‘बघू’, ‘उद्या सांगतो’, ‘यांना विचारून सांगते’ असं काहीतरी निघतं. विक्रेत्याच्या वहीत हे तीनही होकार आहेत. ‘उद्या’ म्हणालात की उद्याची वेळ लिहिली जाते. कारण सांगितलंत तर आणखी वाईट, कारण प्रत्येक कारणाचं उत्तर त्याला पाठ असतं. पैसे नाहीत म्हणालात तर हप्ते करून देऊ, वेळ नाही म्हणालात तर न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी ढकलता येतात, मुलं लहान म्हणालात तर मुलांसाठीच तर हे आहे. म्हणून वाक्य एकच ठेवा: ‘नाही, आम्हाला बसायचं नाही.’ का म्हणून विचारलं तर, ‘कारण काही नाही, नको आहे.’ तिसऱ्यांदा विचारलं तर चालू लागा. आवाज चढवायची गरज नाही, आणि हसून म्हणायचीही नाही. हसलात की तो खुर्ची ओढतो. दोघांनी आधी ठरवून ठेवायचं की बोलणार एकच. जोडप्यातला मऊ माणूस कोणता, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि मग सगळं संभाषण त्याच्याशीच चालतं.

गोव्यात रस्त्यावरचा प्रकार वेगळा. कळंगुट-बागा-कांदोळी पट्ट्यात स्क्रॅच कार्ड देणारे दिसतात. कार्ड ‘लागतं’च, आणि मोठं बक्षीस घ्यायला टॅक्सीने कुठल्या तरी रिसॉर्टवर चला म्हणतात. तिथे कार्ड हातातच घेऊ नका. पर्यटकांना अडवून त्रास देणाऱ्या दलालांसाठी गोव्याने २०२५ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती केली असून दंड ५,००० रुपयांपासून १ लाखापर्यंत आहे. तेव्हा कुणी पाठच सोडत नसेल तर ११२ लावतो म्हणून सांगणं पोकळ धमकी ठरत नाही. पुण्या-मुंबईत हाच खेळ पेट्रोल पंप आणि मॉलमधल्या कूपनांवर चालतो आणि सेशन एखाद्या हॉटेलच्या भाड्याच्या हॉलमध्ये होतं. तिथे हॉटेलचं नाव बघून विश्वास टाकू नये, हॉटेलने फक्त हॉल दिलेला असतो. फोनांचा मारा थांबवायला १९०९ वर डीएनडी नोंदवा. तरीही फोन आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करा, कॉलची तारीख, वेळ आणि नंबर लागतो. कूपनवर सही करून तुम्हीच संमती दिली असेल तर मात्र ही तक्रार लंगडी पडते.

कुणाला त्या गिफ्टसाठी जायचंच असेल तर निदान कार्ड घरी किंवा खोलीच्या तिजोरीत ठेवून जा आणि फोनमधली कार्डाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणा. शक्य असेल तर यूपीआयची सुद्धा. हॉलमध्ये मोठ्याने गाणी, मध्येच टाळ्या, ‘अभिनंदन, अमुक कुटुंब आपलं सदस्य झालं’ अशी घोषणा, हे सगळं मुद्दाम. शेजारच्या टेबलावर काय बोललं जातंय ते ऐकू येऊ नये आणि शांतपणे आकडेमोड करता येऊ नये. मुलांना खेळायच्या खोलीत नेतात, ती परत आणल्याशिवाय तुम्ही उठत नाही हे त्यांना माहीत असतं. म्हणून मुलांना जवळच बसवा. ती कंटाळली तर उत्तमच. पहिला माणूस गोड बोलतो, दुसरा ‘मॅनेजर’ येऊन किंमत पाडतो, तिसरा गिफ्ट देताना शेवटचा छोटा प्लॅन काढतो. ठरलेली मिनिटं झाली की उभे राहा, गिफ्ट मागा, निघा. दार अडवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. बहुतेक ठिकाणी इतकं म्हणायची वेळ येत नाही, उभं राहिलात की त्यांचा रस संपतो. गिफ्टचं व्हाउचर वाचा: ‘२ रात्री ३ दिवस मोफत’ याच्या खाली जेवण सक्तीचं, रोजचे युटिलिटी चार्जेस, ४५ दिवस आधी मागणी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून, असं लिहिलेलं आढळेल. बक्षीस द्यायचा इरादा नसताना ते जाहीर करणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, हे लक्षात असू द्या.

किंमत पाडतात त्याबद्दल. साडेतीन लाखांत २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री, म्हणजे १७५ रात्री. रात्रीला २,००० रुपये पडतात, असं कागदावर लिहून दाखवतात. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४ लाख १३ हजार. वार्षिक देखभाल खर्च, म्हणजे एएमसी, समजा १५,००० आणि तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला, तर २५ वर्षांत त्याचेच ७ लाख १६ हजारांच्या आसपास होतात. एकूण सव्वाअकरा लाखांवर, म्हणजे रात्रीला साधारण ६,४५०, तेही एकही रात्र वाया न घालवता, आणि जेवण वेगळं. निम्म्या रात्री वापरल्या तर रात्र १२,९०० ला पडली. उलट ४ लाख १३ हजार ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला सुमारे २८,९०० व्याज (कर कापण्याआधी), त्यात न भरलेली १५,००० एएमसी मिळवा, सात रात्रींत वाटले तर खोलीसाठी रात्रीला सव्वासहा हजार हाताशी येतात आणि मुद्दल जागच्या जागी. महागाई दोन्हीकडे आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांत आकडे हलतील, पण टेबलावर दाखवलेल्या २,००० शी त्यांचा काही संबंध राहत नाही.

शिवाय सीझनचा रंग, कारण प्लॅनना सीझनप्रमाणे रंगांची नावं दिलेली असतात. स्वस्त प्लॅन ऑफ-सीझनचा असतो. मे महिना, दिवाळी, नाताळ यासाठी वरचा रंग घ्यावा लागतो आणि तो घेतला तरी जागा ‘उपलब्धतेनुसार’. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला या एका शब्दामुळेच प्लॅन निरुपयोगी होतो. काही जण खरंच दरवर्षी ठरवून, सहा-सात महिने आधी बुकिंग करून वापरतात आणि खूश असतात. निवृत्त, शाळेच्या वेळापत्रकातून सुटलेले लोक यात जास्त. म्हणजे योजना सगळ्यांनाच वाईट असं नाही. पण ज्याला खरंच हवी आहे त्याने ती घरी बसून, करार आधी मागवून घ्यावी. ‘आजच्या आजच’चा भाव उद्याही मिळतो.

‘खोली वापरली नाही तर शेवटी व्याजासकट पैसे परत’ असं कुणी म्हणालं तर मात्र तिथूनच उठा. ती सुट्टीची योजना नाही, ठेव गोळा करणं आहे. पॅनकार्ड क्लब्जचं प्रकरण महाराष्ट्रात अनेक घरांना माहीत आहे. रूम नाइट्सच्या नावाखाली ५० लाखांवर लोकांकडून घेतलेले ७,००० कोटींहून जास्त रुपये परत करा, असा आदेश सेबीने (शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख करणारी संस्था) फेब्रुवारी २०१६ मध्ये दिला होता.

आता पैसे भरलेच असतील तर. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या, म्हणजे अशाच हॉलिडे मेंबरशिपच्या, करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्या काळात पैसे घेताच येत नाहीत. भारतात टाइमशेअरसाठी असा खास कायदा नाही. काही कंपन्या आपल्या करारात दहा दिवसांच्या आसपास मुदत ठेवतात, काही पहिल्या पानावरच ‘विनापरतावा’ छापतात. म्हणून घरी आल्याबरोबर, त्याच रात्री, करारातलं रद्द करण्याचं कलम शोधा. मुदत सहीपासून मोजायची की पैसे मिळाल्यापासून, ते बघा. फोन करून रद्द करू नका. फोनवर ‘मॅनेजर रजेवर आहेत, सोमवारी बोलू’ म्हणत मुदत काढून टाकतात. करारातल्या ईमेलवर लिहा: सदस्यत्व क्रमांक, तारीख, रक्कम, ‘मी हा करार रद्द करत आहे, पूर्ण रक्कम १५ दिवसांत मूळ खात्यात परत करा.’ हेच पत्र नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा. तोवर एकही रात्र, एकही गिफ्ट व्हाउचर वापरू नका. वापरलंत की सेवा घेतली असा मुद्दा त्यांना मिळतो.

पैसे कशातून गेले यावर पुढची पायरी ठरते. कार्ड स्वाइप केलं असेल तर बँकेला लेखी डिस्प्युट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, द्या. इथे बरेच जण ‘फसवणूक झाली’ असं लिहितात आणि अर्ज फेटाळला जातो, कारण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिलेला असतो. कारण लिहायचं ते असं: सेवा रद्द केली, परतावा मिळाला नाही. सोबत रद्द केल्याचा ईमेल जोडा. हप्ते करून दिले असतील तर ते बँकेकडून वेगळे रद्द करून घ्यावे लागतात, कंपनीने सदस्यत्व रद्द केलं म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. टेबलावर ‘फक्त केवायसी’ म्हणून आधारचा ओटीपी घेतात आणि तुमच्या नावे एखाद्या एनबीएफसीचं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं) डिजिटल कर्ज निघतं. त्या दिवसाचे सगळे एसएमएस आणि ईमेल चाळा, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, सापडेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार डिजिटल कर्जाला किमान एका दिवसाची कूलिंग-ऑफ, म्हणजे विचार बदलून बाहेर पडायची, मुदत द्यावीच लागते. नेमकी किती ते त्यात लिहिलेलं असतं. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्ज बंद करता येतं. अडचण अशी की मुद्दल कंपनीच्या खात्यात गेलेलं असतं आणि ते तुम्हाला आधी खिशातून भरावं लागतं. तरीही, हाताशी पैसे असतील तर कर्ज बंद करून मग कंपनीशी भांडणं परवडतं.

परतावा आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. अनेक कंपन्या तिथेच तडजोडीला येतात, पण ‘प्रशासकीय खर्च’ कापून. किती कापून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, वकील सक्तीचा नाही, तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत दोन वर्षं. करारात ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडेच’ असं छापलेलं बघून घाबरू नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. खरी अडचण पुराव्याची. तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन बंधनकारक नाही, असं करारात असतंच. त्यामुळे विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर लिहा, ‘तुम्ही दिवाळीत गोव्याची खोली नक्की मिळेल म्हणाला होतात, बरोबर ना?’ त्याचं ‘येस सर’ एवढं उत्तरही कामाला येतं. टेबलावर पेनाने आकडे लिहिलेला कागद मिळाला असेल तर तो फेकू नका.

जुनं सदस्यत्व गळ्यात असेल तर दोन गोष्टी. एएमसी थकली म्हणून सिबिल बिघडत नाही, कर्जाचा हप्ता थकला तर बिघडतो. वसुलीच्या फोनवर हे दोन्ही मुद्दाम एकत्र करतात. आणि ‘तुमची मेंबरशिप आठ लाखांना घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, आधी जीएसटी किंवा फाइल फी भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. विकून देणारा खरा असेल तर त्याने आपली फी विक्रीच्या रकमेतून कापून घ्यावी. तसं सांगितलं की बहुतेक वेळा फोन तिकडूनच कट होतो.