जुन्या स्टार ट्रेकचा सगळ्यात भारी आणि सगळ्यात टुकार एपिसोड कोणता? फॅन लोक यावरून एवढे का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा अधिकारी स्पॉक यांची जुनी स्टार ट्रेक पहिल्यांदाच बघायला घेतलीय, ७९ भाग बघून घाबरायला झालंय, आणि नेटवर बघावं तर प्रत्येकाची यादी वेगळी. भांडणाचं आधी सांगतो. 'चांगला भाग' म्हणताना एक जण रडवणारी गोष्ट धरतो, दुसरा डोकं चालवणारी कल्पना धरतो, तिसऱ्याला रविवारी दुपारी पाय पसरून हसायचं असतं, आणि हे तिघं एकाच यादीत नंबर लावायला बसतात, मग दुसरं काय होणार. वाईट भागांचं तर त्याहून अवघड आहे, ते खाली येतंच.

माझं उत्तर पाहिजे तर भारी 'द डेव्हिल इन द डार्क' आणि टुकार 'द अल्टरनेटिव्ह फॅक्टर'. दोन्ही पहिल्या सीझनचे, दोन्ही मार्च १९६७ मध्ये दाखवलेले. पुढे सगळ्या गोष्टी फोडल्यात, साठेक वर्षांपूर्वीची सिरीयल आहे, स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

आता शंभर फॅनना विचारलंत तर बहुतेक जण पहिला नंबर 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'ला देतील आणि तो भाग आहेच तसा. जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयला चुकून एका औषधाचा भलताच डोस बसतो, तो वेडापिसा होऊन काळाच्या दरवाजातून उडी टाकतो आणि तिकडे जाऊन काहीतरी असं करतो की वर फिरणारं जहाजच नाहीसं होतं. मग कर्क आणि स्पॉक त्याच्या मागे १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये, मंदीचे दिवस, गरिबांना सूप वाटणारी ईडिथ कीलर, कर्क तिच्या प्रेमात पडतो, आणि स्पॉक तारा-बल्ब जोडून जे यंत्र बनवतो त्यातून कळतं की ही बाई रस्त्यावर अपघातात मेली तरच इतिहास ठिकाणावर येणार. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीपायी अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हातात जाणार. शेवटी मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. ती गाडी दिसतही नाही धड, फक्त ब्रेकचा आवाज आणि किंकाळी येते आणि कॅमेरा कर्कच्या तोंडावर. कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला लोक ओव्हरअॅक्टिंगसाठी हसतात ना, त्यांना ही दोन मिनिटं दाखवायची.

या भागाच्या मागची भानगडही भागाएवढीच मजेदार आहे. पटकथा हार्लन एलिसनची, पण त्याने लिहिलेलं टीव्हीच्या बजेटात बसेना, म्हणून ही सिरीयल काढणारा जीन रॉडनबेरी, जीन कून, डोरोथी फाँटाना अशा सगळ्यांचे हात त्यावरून फिरले. एलिसन २०१८ मध्ये वारला, तोवर त्याचा राग काही गेला नाही. आणि पुढे झालं काय, तर त्याच्या मूळ पटकथेला रायटर्स गिल्डचं अवॉर्ड आणि टीव्हीवर गेलेल्या भागाला विज्ञानकथांचं ह्यूगो! म्हणजे भांडणाचा निकाल दोन्ही बाजूंनी.

तरी माझा पहिला नंबर दुसराच आहे, आणि त्याचं कारण मी गोव्यातल्या डिचोलीकडचा आहे. मायनिंग जोरात असतानाचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, मँगनीजचे, लोखंडाचे ट्रक एकामागून एक, रस्त्यालगतच्या घरांत टीव्हीच्या काचेवर बोट फिरवलं की लाल रेघ उठायची, तुळशीची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल. खाणी खोल गेल्या तसं विहिरींचं पाणी खाली गेलं आणि पावसात डंपावरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ ढिगावरची, माती शेतात. पण त्याच खाणीवर अर्ध्या गावाची चूल पेटायची हेही तितकंच खरं, आणि २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये काम बंद पडलं तेव्हा घरासमोर उभे असलेले ट्रक आणि बँकेचे हप्ते आम्ही बघितलेत. तर अशा माणसाने 'द डेव्हिल इन द डार्क' बघायचा.

जेनस सिक्स नावाच्या ग्रहावर खाण आहे, आत बोगद्यात कोणीतरी कामगारांना जाळून मारतंय, पन्नासेक माणसं गेलीत. कर्क-स्पॉकला बोलावतात, राक्षस मारा आणि आमचं काम सुरू करून द्या. खाणीचा साहेब टेबलावर एक गोल गुळगुळीत दगड ठेवून बसलाय, खालच्या पातळीवर असे हजारो मिळाले म्हणतो, काही किमतीचे नाहीत म्हणून फोडून टाकले. तो दगड सगळ्यांच्या समोर पडलेला असतो आणि स्पॉक सोडून कोणाला त्याचं काही पडलेलं नसतं. ती अंडी आहेत हो. तो राक्षस म्हणजे हॉर्टा, दगडातून वाट काढत फिरणारी आई, जातीतली एकटी उरलेली, पिल्लं राखत बसलेली, आणि हे लोक अंडी फोडत चाललेत.

यातली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे कर्क आणि स्पॉकची अदलाबदल. सुरुवातीला स्पॉक म्हणतो जातीतला शेवटचा जीव असेल तर मारायला नको, पकडू या, आणि कर्क म्हणतो दिसताक्षणी मारा. मग कर्क एकटाच बोगद्यात तिच्यासमोर अडकतो, स्पॉकला ते कळतं, आणि हा थंड डोक्याचा माणूस कम्युनिकेटरवरून ओरडतो की मारून टाक तिला, आणि आता कर्कच हात आवरतो, कारण तो तिच्या डोळ्यात म्हणजे डोळे नाहीतच तिला, पण समोर बसून तिच्याकडे बघतोय, आणि ती जखमी आहे. कोणी भाषण ठोकत नाही. माणूस समोरासमोर आला की बदलतो एवढंच दाखवतात आणि पुढे सरकतात. हॉर्टाचा वेष बघितलात तर यानोश प्रोहास्का नावाचा स्टंटवाला रबराच्या गोधडीखाली रांगतोय हे सरळ दिसतं, पण पंधरा मिनिटांनी ते डोक्यातून जातं. आणि मॅकॉय तिच्या जखमेवर सिमेंट थापतो आणि कुरकुरतो की मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, तिथे हसू येतंच येतं. याच शूटिंगच्या मध्ये शॅटनरला वडील गेल्याची बातमी आली होती, तरी त्याने त्या दिवशीचं काम पुरं केलं.

आता शेवटावरून आमच्यात अजून वाद आहे. शेवट असा की समझोता होतो: कामगारांनी अंड्यांना हात लावायचा नाही, हॉर्टाची पिल्लं आपली बोगदे खणत राहणार आणि खाणवाले त्यातून निघालेलं खनिज उचलणार, सगळे श्रीमंत, सगळे खूश. आमच्या ग्रुपात एक जण सावर्डेचा, त्याचे स्वतःचे ट्रक होते मायनिंगला, तो हे बघून म्हणाला, "म्हणजे निमाणें तिकाच कामाक लायली मरे!" (शेवटी तिलाच कामाला लावली की!) आणि खरं आहे त्याचं. ग्रह तिचा, घर तिचं, आणि तोडगा काय तर तुम्ही खणा, आम्ही विकतो. दुसरा एक मास्तर आहे फोंड्याचा, त्याचं म्हणणं की १९६७ साली टीव्हीवर राक्षसाला न मारता भाग संपवला हेच खूप झालं, आणि निदान तिला विचारून तरी केलं ना, आम्हाला कोणी विचारलं होतं? यावर दोघं रात्री बारापर्यंत भांडले. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच हा भाग माझ्यासाठी वर आहे, 'सिटी' बघून माणूस गप्प होतो, हा बघून बोलायला लागतो.

आता वाईट. इथे नेटवरचे फॅन एक घोळ करतात, हास्यास्पद आणि वाईट यांना एकाच पोत्यात भरतात. 'स्पॉक्स ब्रेन' घ्या, १९६८, तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग, जवळपास प्रत्येक वाईट यादीत असतो. एक बाई जहाजावर येते, स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते, आणि मग मॅकॉय रिमोटने बिनमेंदूचा स्पॉक चालवत त्याला मेंदू शोधायला घेऊन जातो. मेंदू परत बसवताना ऑपरेशन अर्धवट आणि स्पॉक पडल्या पडल्या डॉक्टरला सूचना देतोय. यात वाईट काय आहे सांगा मला, मी तर हसून हसून मेलोय! तिसऱ्या सीझनला पैसे कमी केले होते, वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली, रॉडनबेरीने अंग काढून घेतलं, त्यामुळे पडदे-खोके तेच तेच दिसतात, पण आम्ही गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत नाटकं बघितलेली माणसं, जंगलाचा पडदा हलला आणि मागून कोणाचं तरी ढोपर दिसलं म्हणून राजा राजा राहत नाही का? नट मनापासून उभा असला की झालं. आणि स्पॉकचं काम करणारा लिओनार्ड निमॉय या भागातही मनापासूनच उभा आहे, बिचारा.

'द अल्टरनेटिव्ह फॅक्टर'मध्ये हसायलाही काही नाही. लॅझरस नावाचा माणूस, तो दोन आहेत, एक आपल्या विश्वातला आणि एक प्रतिद्रव्याच्या (अँटिमॅटरच्या), म्हणजे आपल्या उलट्या पदार्थाच्या विश्वातला, दोघं भेटले तर सगळंच संपणार. कल्पना ऐकायला बरी वाटते. पण प्रत्यक्षात तो माणूस कड्यावरून पडतो, उठतो, बरळतो, परत पडतो, मध्येच आकाश लुकलुकतं, आणि हा माणूस संशयित आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही जहाजावर मोकळा फिरतोय आणि इंजिनाचे क्रिस्टल चोरतोय. दाढी तर प्रत्येक सीनला वेगळी, कधी दाट, कधी विरळ, आधी वाटतं दोन लॅझरस ओळखायची खूण असेल, तीही नाही. याला कारण होतं, जॉन ड्रू बॅरीमोरला घेतला होता आणि तो शूटिंगला आलाच नाही, ऐन वेळी रॉबर्ट ब्राऊनला उभा केला. त्याची काय चूक, पण बघणाऱ्याला पन्नास मिनिटं काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. आणि कमाल बघा, हा भाग ३० मार्चच्या गुरुवारी आणि पुढच्याच गुरुवारी, ६ एप्रिलला, 'सिटी'. त्याच लोकांनी, त्याच सेटवर. म्हणून कुठल्या सीझनला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही.

अजून एका बदनाम भागाची वकिली करायचीय, 'द वे टू ईडन', फेब्रुवारी १९६९. अंतराळातले हिप्पी. अनवाणी, अंगावर फुलं काढलेली, गाणी म्हणत कर्कच्या जहाजावर येतात आणि स्पॉक त्यांच्याबरोबर वाद्य घेऊन बसतो. अमेरिकन फॅन याला तोंड लपवतात. गाणी भिकार आहेत, मान्य. फाँटानाने मुळात मॅकॉयच्या मुलीची गोष्ट लिहिली होती, ती इतकी बदलली की तिने स्वतःचं नावही काढून टोपणनाव घातलं. पण आम्ही हे गोव्यात बसून बघतो, हा भाग आला त्याच सुमाराला खरे हिप्पी हणजूण-कळंगुटच्या वाळूत उतरत होते. आणि गोष्टीत काय आहे, तर त्यांचा पुढारी सेव्हरीन याला असा रोग आहे की त्याला स्वतःला काही होत नाही पण तो जिथे जाईल तिथली साधी माणसं मरतील, हे त्याला सांगितलेलं आहे आणि तरी त्याला स्वर्गच पाहिजे, शहराचा कंटाळा आलाय म्हणून. पोचतात तर गवत पायाला भाजतं आणि फळ विषारी. आता आसगाव-मोरजीला जाऊन या आणि मग सांगा हा भाग फालतू आहे म्हणून. शहर सोडून शांतता शोधत आलेल्यांनी तिथे शांततेचं काय करून ठेवलंय ते दिसेलच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एवढं सगळं होतं असं मी म्हणत नाही हां, हिप्पींना चिमटा काढायचा होता त्यांना, पण आम्हाला तो दुसरीकडे लागला.

खरा राग येतो तो 'टर्नअबाउट इंट्रूडर'चा, शेवटचा भाग, ३ जून १९६९. बाईला कॅप्टन होता येत नाही म्हणून ती वेडी होऊन कर्कच्या शरीरात शिरते, आणि एवढी पुढची म्हणवणारी सिरीयल या गोष्टीवर संपते. आमच्या ताईने तो अर्ध्यातच बंद केला होता. 'द ओमेगा ग्लोरी'ही तसाच, दुसऱ्या ग्रहावर अमेरिकेचा झेंडा आणि राज्यघटना निघते, का तर रॉडनबेरीने लिहिलंय म्हणून.

'बॅलन्स ऑफ टेरर' राहिला, तो पाणबुडीच्या युद्धासारखा आहे, अजिबात सोडू नका, त्यातला शत्रूचा कमांडर झालेला मार्क लेनर्ड पुढे स्पॉकचा बाप म्हणून येतो. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' घरातल्या मुलांना घेऊन बघा.

तर क्रम असा लावा: आधी 'बॅलन्स', मग 'डेव्हिल', मग 'सिटी', तिथवर आवडली तर बाकीचे जमेल तसे. 'स्पॉक्स ब्रेन' एकट्याने बघू नका, चार जण जमवा आणि काहीतरी तळून घ्या. 'अल्टरनेटिव्ह फॅक्टर' सरळ सोडा, पुढच्या कुठल्याच भागाचं त्यावाचून अडत नाही. आणि पुढे आलेल्या, कॅप्टन पिकार्डवाल्या स्टार ट्रेकबद्दल वेगळा प्रश्न टाका, तिथे माझी मतं याहून भांडकुदळ आहेत.