इग्वासूला एकच दिवस असेल तर

प्रश्न दोन आहेत: ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा इग्वासू धबधबा एका दिवसात ब्राझीलकडून बघावा की अर्जेंटिनाकडून, आणि भरपूर पाणी नेमकं कधी असतं?

आधी पाण्याचं सांगते. आपल्या धबधब्यांसारखा तिथे ठरलेला पावसाळा नाही, पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. इग्वासू नदी ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराजवळ, म्हणजे अटलांटिकपासून फार लांब नाही अशा ठिकाणी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून जवळपास १,३०० किमी पश्चिमेला वाहत जाते. वाटेत एकामागोमाग एक जलविद्युत धरणं आहेत. सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण १,५०० घनमीटर धरतात. जून २०१४च्या पुरात तो ४६,००० च्या वर गेला होता, तर २०२० च्या दुष्काळात ३०० च्या आसपास आला होता. त्यामुळे महिना बघून ठरवू नका, जायच्या आधीच्या आठवड्यातला प्रवाह बघा. फार मोठा पूर असला तर पाण्यावरच्या पायवाटा बंद करतात, हेही लक्षात असू द्या.

एकच दिवस असेल तर माझं मत अर्जेंटिना. पावणेतीन किलोमीटर पसरलेल्या धबधब्यांपैकी बहुतेक त्याच बाजूला आहेत. ब्राझीलकडून सगळा देखावा समोर दिसतो आणि त्याला अर्धा दिवस पुरतो. पण अर्जेंटिनाकडच्या पायवाटेने तुम्ही नदीवरूनच चालत जाता. खाली तांबूस, संथ, उथळ पाणी, मध्ये झुडपांची बेटं. मग ‘गार्गांता देल दिआब्लो’ (सैतानाचा घसा) या सगळ्यात मोठ्या धबधब्यापाशी तेच पाणी पायाखालून ८० मीटर कोसळतं. थोडा वेळ उभे राहून पाकोळ्या बघाच. पाण्याच्या पडद्यातून त्या थेट आत घुसतात, कारण त्यांची घरटी मागच्या कातळावर असतात.

तो कातळ आपल्याला परका नाही. सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांचा बेसाल्ट, फक्त आपल्यापेक्षा दुप्पट जुना, सुमारे १३ कोटी वर्षांचा. थरांमुळेच धबधबा टप्प्याटप्प्याने उतरतो.

याच बेसाल्टवर, पाराना नदीवर ग्वाइराचे धबधबे होते. त्यांचं पाणी इग्वासूच्या कितीतरी पट होतं. १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयात ते कायमचे बुडाले. मला त्याची फार हळहळ वाटते. इग्वासू पारानाला धरणाच्या खाली मिळते, म्हणून ती त्या जलाशयातून वाचली.

दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, ते आधीच तपासा. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्या आणि प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. भारतात परतताना ते मागतात.