गेंड्यांच्या रक्षणासाठी बाहेरच्या माणसाला काय करता येईल?

नागपुरात नोकरी करणाऱ्या माणसाला आठ-दहा दिवसांची रजा काढून आसाममध्ये गेंड्यांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी दोन हिवाळे मानस आणि काझीरंगा या राष्ट्रीय उद्यानांच्या कडेच्या गावांत राहिलो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

जंगलात गस्त घालण्याचे काम तुम्हाला मिळणार नाही, आणि मिळूही नये असे माझे मत आहे. चोरटे शिकारी बंदुका घेऊन बहुधा रात्री येतात, आणि डोक्यापेक्षा उंच गवतात त्यांचा माग काढणे हे तेथेच आयुष्य घालवलेल्या वनरक्षकांचे काम आहे. एकट्या काझीरंगात त्यांच्या दोनशेहून अधिक चौक्या आहेत. परंतु वनरक्षकांना खबर पोहोचते ती मुख्यतः गावातून. नव्याने दिसू लागलेला अनोळखी माणूस किंवा रात्री ऐकू आलेला बार सर्वांत आधी गावाला कळतो. गाव बोलते की गप्प बसते, यावर गेंड्याचे जगणे-मरणे अवलंबून असते.

मानसमध्ये हे फार स्पष्टपणे दिसले. स्वतंत्र राज्यासाठी बोडो जमातीने केलेल्या आंदोलनाच्या अशांत काळात तेथील सर्व गेंडे मारले गेले आणि 1992 साली जागतिक वारसा असलेल्या या जंगलाची नोंद धोक्यातील स्थळांच्या यादीत झाली. 2003 साली बोडो करार झाला. त्याच वर्षी कोकिलाबाडी परिसरातील बोडो तरुणांनी मानस माओझिगेंद्री ही संस्था उभी केली आणि स्वयंसेवकांनी वनखात्याच्या बरोबरीने गस्त सुरू केली. त्यांच्यात काही पूर्वी स्वतः शिकार करणारे होते. जंगलातली प्रत्येक चोरवाट ठाऊक असलेली ही माणसे आता त्याच वाटा राखू लागली. 2006 साली काझीरंगाजवळच्या बचाव केंद्रात वाढवलेली एक अनाथ मादी मानसमध्ये आणली गेली, आणि 2008 ते 2012 या काळात आसाममधीलच पोबितोरा अभयारण्य व काझीरंगा येथून 18 गेंडे हलवण्यात आले. त्यानंतरही काही गेंडे शिकाऱ्यांच्या हाती पडले, त्यामुळे हा प्रवास सरळ झाला असे मी म्हणणार नाही. तरीही 2011 साली मानस धोक्याच्या यादीतून बाहेर आले आणि 2022 च्या गणनेत तेथे 40 गेंडे मोजले गेले. त्या वर्षी संपूर्ण आसामात शिकारीत एकही गेंडा मारला गेला नाही.

आता दुसरी बाजू. गेंडा रात्री उद्यानाबाहेर येऊन भातशेतीत शिरतो आणि शेतकरी काठाच्या शेतात बांबूच्या उंच मचाणावर बसून, कुडकुडत, पीक राखतो. अशा मचाणाला तेथे ‘टोंगी’ म्हणतात. मी एका कुटुंबासोबत अशा टोंगीवर काही रात्री काढल्या आहेत, आणि पहाटे तुडवलेल्या भाताकडे पाहून त्या घरातील कोणी काहीच बोलत नसे, ते मला अजून आठवते. ज्या घराची वर्षाची बेगमी अशी जाते, त्याने गेंड्यासाठी वनरक्षकांना खबर द्यावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून माझा सल्ला असा की, जंगलापेक्षा गावाच्या उपयोगी पडा. स्थानिक लोकांच्या मालकीच्या निवासात राहा, गावातलाच वाटाड्या घ्या, बायकांनी विणलेले कापड त्यांच्याकडूनच विकत घ्या. तुमच्या नोकरीतले कौशल्य (हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार, संगणकावरील नोंदणी) अशा संस्थांना वर्षभर हवे असते, आणि ते नागपुरात बसूनही देता येते. आठ दिवसांच्या उत्साहापेक्षा त्याची किंमत मोठी आहे. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर आला की काझीरंगातील प्राणी महामार्ग ओलांडून कार्बी टेकड्यांकडे जातात, तेव्हा वाहनांचा वेग आवरण्यासाठी रस्त्यावर माणसे लागतात. परंतु तेव्हा उद्याने पर्यटकांसाठी बंद असतात, म्हणून बोलावणे असल्याशिवाय जाऊ नका. पूरग्रस्त गावाला आणखी एका पाहुण्याची सोय करायला लावणे बरे नव्हे.

छायाचित्रे काढाल तर ती नेमकी कोठे काढली हे जाहीर करू नका. घरी परतल्यावर मित्रमंडळींशी बोलताना, ज्यासाठी गेंड्याची शिकार होते त्या शिंगाविषयी अवश्य सांगा: आपल्या नखांत असते त्याच केराटिनचे ते बनलेले असते, त्यात औषध नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आसाम सरकारने बोकाखात येथे साठ्यातील 2,479 शिंगे जाळली, ती हेच लोकांना पटावे म्हणून.

पहिल्यांदाच असे काम करणार असाल, तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातील जंगलांत पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणिगणनेसाठी वनखात्याकडे नाव नोंदवा. मचाणावर रात्रभर न बोलता, न हलता बसणे जमते का, हे तेथे कळेल. आसामला मात्र नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच जा, आणि निघण्यापूर्वी तेथील स्थानिक संस्थेला पत्र लिहून त्यांना नेमके काय हवे आहे ते विचारा.