लातूरच्या ट्यूशन एरियात वेलबीइंग कोच होता येईल का?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका मुलींच्या होस्टेलवर मेंटर म्हणून जाते. नीटच्या रिपीटर, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्या, मुलींना मी रोज ‘तीन चांगल्या गोष्टी’ लिहायला लावल्या. एक म्हणाली, “मॅडम, लिहिण्यासारखं काही घडतच नाही.” मला पॉझिटिव्ह सायकॉलॉजीच्या, म्हणजे माणसातल्या चांगल्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राच्या, आधारे कोचिंग करायचंय. वडील म्हणतात बी.एड. कर. काय करू?

उत्तर : तुला करायचंय ते कोचिंग म्हणजे प्रश्न विचारून, ऐकून माणसाला त्याची वाट त्यालाच शोधायला मदत करणं. पण लातुरात कोचिंग म्हटलं की क्लासच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे वडिलांना तुझं काम समजावून सांगताना तुझी दमछाक होत असणार. पण करिअरचं नंतर बोलू. आधी त्या मुलीचं.

‘तीन चांगल्या गोष्टीं’चा सराव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला, त्याचे निष्कर्ष २००५ साली छापून आले. आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचं. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. पण ती माणसं आपणहून वेबसाइटवर आली होती. टेस्टमध्ये मार्क घसरलेल्या लेकराच्या पुढ्यात मॅडमनी वही ठेवली, तर तो त्याला आणखी एक होमवर्कच वाटतो. सराव चांगलाच आहे, तू तो फार लवकर काढलास.

धारूरकडचा एक रिपीटर माझ्याकडे आला होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे. “तुझ्यात काय चांगलं आहे?” असं विचारलं असतं तर तो मान खाली घालून बसला असता. मी विचारलं, “आईबाबा कारखान्यावर असताना घरचं कसं चालायचं?” मग मात्र तो बोलायला लागला. रात्री लाईट यायची, तेव्हा दोन वाजता उठून मोटर चालू करायची. पाणी फिरेपर्यंत बांधावर बॅटरीच्या उजेडात वाचायचं. सकाळी बहिणीचा डबा, मग शाळा. सांगता सांगता स्वतःच म्हणाला, “सर, माझा खरा अभ्यास पहाटेच व्हायचा. इथं मी रात्री एकपर्यंत बसतो, कारण रूममधले सगळे बसतात.” वेळापत्रक त्यानंच बदललं. मी फक्त विचारलं आणि ऐकलं.

क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४ मध्ये चारित्र्यातल्या २४ बलस्थानांची यादी मांडली. चिकाटी, कृतज्ञता, माया, न्यायबुद्धी अशी. ती पाठ कर, पण समोरच्याला वाचून दाखवू नकोस. त्याच्या बोलण्यातून ती हुडकायची असतात.

एक गोष्ट मात्र कधी करू नकोस. बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, सोयाबीन पाण्यात गेलंय, अशा घरातल्या पोरीला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नकोस. तिचं दुःख खोटं नाही. आणि झोप उडालीय, जेवण तुटलंय, मरणाची भाषा येतेय, असं दिसलं तर ते कोचिंगचं काम राहत नाही. त्याच दिवशी घरच्यांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळव. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर होस्टेलच्या भिंतीवर लावून ठेव.

आता करिअर. आधी एम.ए. नीट पूर्ण कर. आपल्याकडे कोचिंगला परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो, म्हणून प्रशिक्षण जास्त गरजेचं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. त्यांच्या परीक्षेची आणि प्रशिक्षणाची फी मात्र भरण्याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी कर. मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वाट वेगळी, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी.

वडिलांवर रागावू नकोस. महिन्याच्या महिन्याला पगार यावा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे. निव्वळ कोचिंगवर मराठवाड्यात पहिली काही वर्षं घर चालणं अवघड. शाळेत किंवा क्लासमध्ये समुपदेशक म्हणून नोकरी धर आणि तिथंच कोचिंगचे तास साठव. बी.एड. हवंच असेल तर ते नंतरही करता येतं.

आणि त्या मुलीला उद्या वही देऊ नकोस. मेसमध्ये तिच्या शेजारी ताट घेऊन बस. गावाकडं तिचा दिवस कसा जायचा, ते विचार.